मृत्यूच्या आईची अर्धीच गोष्ट

न्यूझीलंडमधील माओरींचे राजे किंगी तुहेइतिया ३० ऑगस्ट २०२४ रोजी गेले, तेव्हा त्यांचा देह जवळपास आठवडाभर न्गारुआवाहिया इथल्या तुरांगावाएवाए या मराएवर, म्हणजे माओरींच्या पवित्र सभास्थानावर, ठेवला होता. हजारो माणसे येत होती. माओरी रिवाजात अंत्यदर्शन मुकाट्याने उरकले जात नाही. येणारा गट अंगणाच्या तोंडाशी थांबतो, घरच्या स्त्रिया दीर्घ सुरात हाक घालतात, मगच पाऊल आत पडते. वक्ते उभे राहतात आणि थेट मृतालाच बोलतात. त्याच्यावर रागावतात, त्याची चेष्टाही करतात, त्याच्या पूर्वजांची नावे घेतात आणि त्याला वाटेला लावतात. ५ सप्टेंबरला राजांची २७ वर्षांची मुलगी राणी म्हणून गादीवर बसली आणि त्याच दिवशी त्यांचा देह लांब कोरीव होडीतून वायकातो नदीने ताउपिरी डोंगरापाशी नेऊन पुरण्यात आला.

माओरींच्या अशा निरोपांत एक नाव पुन्हा पुन्हा येते: हिने-नुइ-ते-पो, रात्रीची थोर स्त्री. पाताळाची स्वामिनी, मृत्यूची देवता. गेलेल्या माणसाला सांगितले जाते की जा, आता तिच्याकडे जा. हे सांगणाऱ्याच्या आवाजात भीती नसते. लेकराला आजीच्या हवाली करताना जो भरवसा असतो, तसा भरवसा त्यात असतो.

उर्वरित जगाला मात्र ती वेगळीच ठाऊक आहे. पॉलिनेशियाच्या पुराणकथांचे एखादे लोकप्रिय पुस्तक उघडले, तर हिने-नुइ-ते-पो शेवटच्या पानांत भेटते. हिरव्या पाषाणाचे डोळे, समुद्रशेवाळासारखे केस, हिंस्र माशासारखे तोंड, मांड्यांमध्ये ज्वालामुखीच्या काचेचे धारदार दात. माउई नावाचा लाडका, खट्याळ, शूर नायक माणसाला अमर करायला निघतो आणि ही राक्षसीण त्याला चिरडून टाकते. कथा संपते. वाचकाच्या मनात हळहळ उरते ती माउईसाठी.

ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. जिच्याविषयी ती आहे, तिच्यावर या अर्धेपणाने मोठा अन्याय केला आहे. हिने-नुइ-ते-पो कोण आहे, ती अंधारात का गेली, हे आधी सांगितल्याशिवाय माउईच्या मृत्यूची गोष्ट सांगणे सांगणाऱ्यांनी थांबवले पाहिजे.

तेव्हा सुरुवातीपासून.

रांगिनुइ हा आकाशपिता आणि पापातुआनुकु ही भूमाता घट्ट मिठीत होते, त्यांची मुले मधल्या काळोखात कोंडली होती. वनांचा देव ताने याने पाय आकाशाला लावून दोघांना दूर सारले आणि जगात उजेड आला. पुढे तानेने कुरावाका नावाच्या जागी लाल मातीतून एक स्त्री घडवली, तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. ती हिने-आहु-ओने, मातीतून घडलेली पहिली स्त्री. तिला तानेपासून मुलगी झाली हिने-तितामा, पहाटेची कन्या. दिवस आणि रात्र यांच्यामधल्या त्या तांबूस घटकेचे सौंदर्य तिच्यात होते, असे कथा सांगते.

ताने तिचा बाप. तिला हे ठाऊक नव्हते. तानेने तिला पत्नी केले, तिला मुले झाली. एके दिवशी तिने नवऱ्याला विचारले, माझे वडील कोण? तानेने उत्तर टाळले. म्हणाला, घराच्या खांबांना विचार. खांब बोलत नाहीत, पण त्या न बोलण्यातून तिला सगळे उमगले. ज्याच्याशी आपण संसार केला, तोच आपला जन्मदाता.

इथे कथाकाराला तिच्याकडून काहीही करवता आले असते. तिने तानेचा जीव घेतला असता, स्वतःचा घेतला असता, किंवा शरमेने गप्प बसून त्याच घरात उरलेले आयुष्य काढले असते. माओरी परंपरेतली हिने-तितामा यांतले काहीच करत नाही. ती निघते. पाताळाच्या, रारोहेंगाच्या, वाटेला लागते. ताने रडत मागे येतो, परत चल म्हणतो. ती त्याला थांबवते आणि कामाची वाटणी करून देते: तू वर उजेडात राहा आणि आपल्या मुलांना वाढव, मी खाली अंधारात राहते, मुले माझ्याकडे येतील तेव्हा त्यांना सांभाळायला. त्या क्षणापासून पहाटेची कन्या रात्रीची थोर स्त्री झाली.

माओरी परंपरेत मृत्यूचा आरंभ असा आहे. कुणा देवाचा शाप नाही, निषिद्ध फळ नाही, पापाची शिक्षा नाही. फसवल्या गेलेल्या एका आईने स्वतःची जागा बदलली, पण मुलांची जबाबदारी टाकली नाही. मराठी वाचकाला पाताळ म्हटले की यमधर्म आणि चित्रगुप्ताची वही आठवेल. हिने-नुइ-ते-पोकडे वही नाही. ती हिशेब मागत नाही, कुणाला तोलत नाही. एल्सडन बेस्ट या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलेल्या परंपरेत तर ती पाताळात आलेल्या जिवांना व्हिरो या दुष्टाव्याच्या देवापासून वाचवते. व्हिरो त्यांचा नाश करू पाहतो आणि ती आडवी उभी राहते.

आता माउई. तो पाच भावांतला धाकटा. अकाली जन्मला म्हणून आई तारांगाने त्याला आपल्या केसांच्या बुचड्यात गुंडाळून समुद्रात सोडले होते. तो वाचला, मोठा झाला, घरी परतला. पुढे त्याने सूर्याला फासात धरून दिवस लांबवला. समुद्राच्या तळातून एवढा प्रचंड मासा ओढून काढला की न्यूझीलंडचे उत्तर बेट म्हणजे तोच मासा, आणि त्या बेटाचे माओरी नाव आजही माउईचा मासा असेच आहे. मात्र त्याच्या नामकरणाच्या विधीत वडिलांकडून मंत्राचा एक भाग सुटला. त्यामुळे मुलाला मरण येणार हे वडिलांना कळून चुकले होते. वडिलांनी त्याला क्षितिजावरची लाल चमक दाखवली, तिथे राहणाऱ्या थोर पूर्वजेचे वर्णन केले आणि सावध केले. सूर्याला हरवलेल्या पोराला त्याचे काय!

माउई पाखरांना सोबत घेऊन निघाला. हिने-नुइ-ते-पो झोपलेली होती. ज्या मार्गाने माणूस जन्माला येतो, त्या मार्गाने उलटे आत शिरायचे आणि तोंडातून बाहेर पडायचे, म्हणजे मृत्यूच मरेल, असा त्याचा बेत. पाखरांना त्याने बजावले की मी पूर्ण बाहेर येईपर्यंत हसू नका. तो अर्धा आत गेला, पाय बाहेर वळवळत होते. ते दृश्य पाहून पिवाकावाका या पंख्यासारख्या शेपटीच्या चिमुकल्या पक्ष्याला हसू आवरेना. ती जागी झाली, तिने मांड्या आवळल्या, आणि माउई मेला. तो पहिला मृत्यू. म्हणून पिवाकावाका घरात शिरला की कुणाचे तरी मरण जवळ आले, असे पुष्कळ माओरी घरांत अजूनही मानतात.

दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ ऐकल्या की माउईच्या शेवटच्या पराक्रमाचा रंग बदलतो. एकदा विश्वासघात झालेली, घर सोडून गेलेली एक स्त्री झोपली आहे. तिच्याच वंशातला एक पुरुष तिच्या संमतीवाचून तिच्या शरीरात शिरतो आहे, उद्देश कितीही उदात्त असो. ती जागी होते आणि स्वतःचे रक्षण करते. याला खून म्हणायचे की आणखी काही, हे वाचकाने ठरवावे. पण ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्याच्या हाती तरी द्यायला हवी, आणि लोकप्रिय आवृत्त्या नेमकी तीच देत नाहीत.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. माउईच्या सगळ्या पराक्रमांमागे कुणी ना कुणी स्त्री आहे. आजी मुरिरांगा-व्हेनुआने त्याला आपले जबड्याचे हाड दिले. त्याच हाडाने त्याने सूर्याला बडवले, त्याचाच गळ करून बेट ओढून काढले. अग्नीची देवी माहुइका हिने आपली एकेक जळती नखे काढून त्याला आग दिली. त्याने मुद्दाम ती विझवत नेली आणि पुन्हा पुन्हा मागायला आला, इतका की तिच्यापाशी शेवटचेच नख उरले. आईने केस दिले, आजीने हाड दिले, माहुइकाने नखे दिली. या मालिकेत हिने-नुइ-ते-पो शेवटची, आणि न देणारी ती एकटीच. माउईची गोष्ट तिथे संपते, हे मोठ्या समजुतीने रचलेले आहे.

मग ही समजूत बाहेरच्या जगापर्यंत का पोहोचली नाही?

याचे उत्तर बरेचसे एका पुस्तकाच्या इतिहासात सापडते. सर जॉर्ज ग्रे १८४५ ते १८५३ न्यूझीलंडचे गव्हर्नर होते आणि पुढे १८६१ मध्ये पुन्हा आले. पहिल्या कारकिर्दीत त्यांनी माओरी भाषेतल्या कथा, मंत्र आणि गाणी मोठ्या प्रमाणावर गोळा करवली. १८५४ मध्ये माओरी भाषेत आणि १८५५ मध्ये इंग्रजीत त्यांनी त्या छापल्या. ‘पॉलिनेशियन मिथॉलॉजी’ हे ते इंग्रजी पुस्तक. त्यातला मोठा ऐवज, माउईच्या कहाणीसकट, ते आरावा लोकांमधल्या ते रांगिकाहेके या विद्वानाच्या हातचा आहे. त्याने शेकडो पाने लिहून दिली आणि ती हस्तलिखिते आजही ऑकलंडच्या ग्रंथालयात आहेत. पुस्तकावर नाव मात्र ग्रे यांचे. आतल्या मजकुराचे श्रेय ते रांगिकाहेकेला मिळाले नाही. विसाव्या शतकात अभ्यासकांनी हस्तलिखिते आणि छापील पाठ शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कुठे त्याच्या लेखणीचे मोल उघड झाले. १९९२ मध्ये अगाथे थॉर्नटन यांनी त्याची माउईकथा त्याच्या नावाने स्वतंत्रपणे छापली.

ग्रे यांच्या पुस्तकातल्या माउईकथेत हिने-नुइ-ते-पो थेट अखेरीस येते. तिच्या पूर्वायुष्याचा, तानेचा, खांबांना विचारलेल्या प्रश्नाचा त्या कथेत मागमूस नाही. यात ते रांगिकाहेकेचा दोष काढता येणार नाही. तो ज्या समाजासाठी बोलत होता, तिथे श्रोत्यांना दोन्ही गोष्टी ठाऊक असणार आणि त्या वेगवेगळ्या प्रसंगी सांगितल्या जात असणार. पुस्तक लंडनला गेले, आणि तिथल्या वाचकाला बाकीची गोष्ट सांगणारे कुणी नव्हते. पुढच्या शंभर वर्षांत निघालेली असंख्य पुनर्कथने त्याच इंग्रजी पाठावर पोसली.

तिच्या शरीराचे वर्णन आले की या पुनर्कथनांतली पेने अडखळतात. व्हिक्टोरियन काळापासून मुलांच्या पुस्तकांपर्यंत कित्येकांनी माउईला तोंडातून आत पाठवले आहे. लाजेखातर केलेल्या या फेरफाराने कथेचा अर्थच निखळला. माउईचा सारा बेत जन्माची वाट उलटी चालण्याचा आहे. वाट बदलली की उरतो एक राक्षसिणीच्या जबड्यात सापडलेला वीर, आणि अशा गोष्टी जगात पोत्याने आहेत.

माओरी कारागिरांना ही लाज कधी वाटली नाही. कोरीव सभागृहाच्या दारावरच्या लाकडी पट्टीवर, जिला ‘पारे’ म्हणतात, पुष्कळदा पाय फाकवून उभी असलेली स्त्री कोरलेली असते. आत जाणारा प्रत्येक जण तिच्याखालून जातो. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत, पवित्रातून नित्याच्या व्यवहारात नेणारी ती स्त्री. काही अभ्यासक आणि जाणकार तिच्यात हिने-नुइ-ते-पोला पाहतात. जन्म आणि मृत्यू एकाच दाराच्या दोन बाजू आहेत, हे या लोकांनी घराच्या चौकटीवरच कोरून ठेवले. युरोपातल्या संग्रहालयांत अशा पट्ट्या गेल्या, तेव्हा त्या भिंतीवर टांगल्या गेल्या. त्यांच्याखालून कुणी जाणार नव्हते.

पॉलिनेशियातल्या सगळ्याच मृत्युदेवता आईसारख्या आहेत असे समजण्याची चूक मात्र करू नये. महासागर मोठा आहे. कुक बेटांपैकी मांगाइया बेटावर मिरू नावाची पाताळस्वामिनी आहे आणि ती खरोखर भयंकर आहे. तिच्याकडे येणाऱ्या आत्म्यांना ती कावाच्या पेयाने गुंगी आणते, मग आपल्या भट्टीत शिजवून खाते. रणात मेलेले योद्धे तिला चुकवून आकाशात जातात, अंथरुणाला खिळून मेलेले बाकीचे तिच्या वाट्याला येतात. ही कथा लंडन मिशनरी सोसायटीच्या विल्यम वायट गिल या मिशनऱ्याने लिहून घेतली. तो १८५२ पासून मांगाइयावर होता आणि त्याचे पुस्तक १८७६ मध्ये निघाले. त्याला प्रस्तावना लिहिली ती मॅक्स म्युलर यांनी, ऋग्वेदाच्या संपादनामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या त्याच पंडिताने. मिरूची भट्टी आणि हिने-नुइ-ते-पोची वाट पाहणारी कूस ही एकाच महासागरातली दोन टोके आहेत. दोघींना ‘पॉलिनेशियन मृत्युदेवता’ या एका शीर्षकाखाली कोंबले की दोघींचेही चेहरे पुसले जातात. लढाईत मरणाऱ्याला मान आणि घरी मरणाऱ्याला भट्टी, हा मांगाइयाच्या समाजाचा स्वतःचा प्रश्न होता. हिने-नुइ-ते-पोच्या दारात योद्धा आणि म्हातारी यांच्यात फरक नाही.

तिच्या पाताळाविषयी तर आणखी सांगण्यासारखे आहे. रारोहेंगा म्हणजे किर्र अंधाराचा नरक, अशी कल्पना ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभी राहते. माओरी कथांतले रारोहेंगा तसे नाही.

माताओरा नावाचा सरदार वरच्या जगात राहत होता. पाताळातून आलेल्या निवारेकाशी त्याचे लग्न झाले. एकदा मत्सराच्या भरात त्याने तिच्यावर हात उगारला. निवारेकाने वाद घातला नाही, ती माहेरी निघून गेली. माहेर म्हणजे रारोहेंगा. पश्चात्तापाने पोळलेला माताओरा तिच्या मागे गेला. दाराशी कुवातावाता नावाचा राखणदार होता, त्याने आत सोडले. आत निवारेकाचे वडील उएतोंगा एकाच्या चेहऱ्यावर छिन्नीने गोंदण कोरत बसले होते. माताओराच्या तोंडावर नुसते रंगवलेले नक्षीकाम होते. उएतोंगाने हाताने ते पुसून टाकले आणि सगळे हसले. मग त्याच्या चेहऱ्यावर खरे गोंदण कोरायला घेतले. वेदनेत माताओरा बायकोला साद घालत गाऊ लागला, ती विणकाम टाकून आली आणि तिने त्याला ओळखले. सासऱ्याने जावयाला सुनावले ते असे की बायकांना मारण्याची रीत तुमच्या वरच्या जगातली, आमच्याकडे हे चालत नाही. पुन्हा असे घडणार नाही असे वचन देऊन माताओरा बायकोला घेऊन परतला. येताना त्याने मोको गोंदणाची कला आणि विणकामाची कला सोबत आणली. दारातून बाहेर पडताना राखणदाराच्या हाती जे वस्त्र द्यायचे ते त्यांनी दिले नाही. म्हणून त्यानंतर जिवंत माणसांसाठी ते दार बंद झाले.

माओरी चेहऱ्यांवर आजही दिसणारी ती कोरीव रेष अशी पाताळातून आलेली आहे. २०२० मध्ये नानाइया माहुता न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या, तेव्हा त्यांच्या हनुवटीवरचे मोको कौआए जगभरच्या वृत्तपत्रांत छापले गेले. ते पाहणाऱ्यांपैकी कितींना रारोहेंगाची ही गोष्ट माहीत असेल? ज्या पाताळात स्त्रीवर हात उगारत नाहीत, जिथून कला येते, त्या पाताळाची स्वामिनी राक्षसीण कशी असेल, हा साधा प्रश्न त्या गोष्टीने आपोआप विचारला असता.

हे सगळे आजच्या स्त्रीवादी चष्म्यातून जुन्या कथेवर लादलेले आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो ऐकून घेतला पाहिजे, कारण हिने-नुइ-ते-पोला गोड, निरुपद्रवी माउली करून टाकणे हाही तिच्यावर अन्यायच ठरेल. तिच्या काचेच्या दातांची धास्ती खरी आहे, ती मूळ कथेतलीच आहे. टोळीटोळीत पाठ वेगळे आहेत आणि काहींत ती अधिक उग्र दिसते. तरीही तिचे मातृत्व आधुनिक लेखकांनी शोधून काढलेले नाही. मुलांना खाली मी सांभाळेन हे तिचे वचन जुन्या परंपरेतच आहे. एका परंपरेत तर माउई तिच्याशी बोलणी करतो. तो म्हणतो, चंद्र मरतो आणि पुन्हा उगवतो, तसा माणूसही मरून परत येऊ दे. ती नाही म्हणते. माणसाने मरावे, मातीत जावे, आणि त्याच्यासाठी मागच्यांनी रडावे. रडण्याचा हक्क तिने मागून घेतला. माओरी समाजाचा तीन-तीन दिवस चालणारा, आरडाओरडा आणि अश्रू यांना वाट मोकळी करून देणारा अंत्यविधी पाहिला की हे संभाषण कुठून आले असेल ते कळते.

त्या विधीत स्त्रियांचे स्थान पाहा. आलेल्यांना आत बोलावणारा पहिला आवाज स्त्रीचा. डोक्यावर हिरव्या पानांची वेटोळी घालून, काळ्या कपड्यांत देहाजवळ बसून राहतात त्या मुख्यतः स्त्रियाच. दफनभूमीतून बाहेर पडताना पाण्याने हात धुतले जातात. स्मशानातून परतल्यावर आंघोळ केल्याखेरीज घरात पाऊल न टाकणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जगण्या-मरण्याच्या सीमेवर राखण करण्याचे काम स्त्रीचे, ही समजूत इथे रोजच्या आचरणात आहे. हिने-नुइ-ते-पो या आचरणाच्या गाभ्याशी आहे.

वसाहतीच्या काळात हे आचरण टिकणे सोपे नव्हते. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांसाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या आणि पुढे कित्येक मुलांनी आपली भाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला. १९०७ मध्ये तोहुंगा सप्रेशन ॲक्ट या कायद्याने पारंपरिक विद्येच्या जाणकारांच्या व्यवहारावर बंदी घातली, ती १९६२ मध्ये उठली. ज्यांच्या तोंडी या कथा होत्या, तेच संशयित ठरले. त्याच वर्षांत पुस्तकांतले पाठ मात्र छापले जात राहिले. ॲनि मिकाएरे या माओरी कायदेअभ्यासकांनी यावर नेमके बोट ठेवले आहे. कथा टिपणारे पुरुष, सांगणारेही बहुधा पुरुष, आणि टिपणाऱ्यांच्या मनात स्त्रीचे स्थान आधीच ठरलेले. त्यामुळे तानेसारख्या देवांच्या कथा मोठ्या झाल्या आणि देवींच्या आकसल्या.

भाषा वाचवण्यासाठी १९८२ मध्ये कोहांगा रेओ ही माओरी बालशाळांची चळवळ उभी राहिली, १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली. १९८४ मध्ये निघालेले ‘वाहिने तोआ’ हे पुस्तक याच उमेदीतले. चित्रे रॉबिन काहुकिवा यांची, शब्द कादंबरीकार पॅट्रिशिया ग्रेस यांचे. त्यात देवी स्वतःच्या तोंडून आपापली गोष्ट सांगतात. त्या पुस्तकात माउई आहे, पण त्याची आई, आजी आणि अग्नीची देवी यांच्या नजरेतून. हिने-तितामाला तिथे तिची पहाट परत मिळाली.

२०२२ पासून न्यूझीलंडमध्ये मातारिकी ही सार्वजनिक सुट्टी आहे. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. भर हिवाळ्यात, पहाटेच्या आकाशात हा तारकापुंज पुन्हा दिसू लागला की माओरी नववर्ष सुरू होते आणि वर्षभरात गेलेल्यांची नावे घेतली जातात. त्या पुंजातला पोहुतुकावा हा तारा मृतांचा मानतात. माओरी दिनदर्शिकेला मिळालेली ही पहिलीच सरकारी सुट्टी, आणि तिच्या केंद्रस्थानी मृतांची आठवण आहे, ही गोष्ट लहान नाही.

आणि तरीही जगातल्या मुलांना माउई भेटला तो २०१६ च्या ‘मोआना’ या डिस्नेच्या चित्रपटात. मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहांतही तो पाहिला गेला. त्यातला माउई विनोदी, आडदांड, गोड आहे. चित्रपटातली देवी टे फिटी ही स्टुडिओची निर्मिती. तिचे हृदय चोरले जाते, ते परत मिळाल्यावर ती शांत होते आणि माउईला माफ करते. पुरुषाने स्त्रीपासून काही हिरावून घेण्याची जुनी गोष्ट यात आहे, पण तिचा शेवट बदललेला आहे. हिने-नुइ-ते-पोने माउईला माफ केले नव्हते. मृत्यू टाळता येत नाही, ही माउईच्या कथेची सगळ्यात जड आणि सगळ्यात खरी बाजू या चित्रपटातून गळून गेली. मुलांना हे झेपणार नाही असे कुणी म्हणेल, तर न्यूझीलंडमध्ये मराएवर उघड्या शवपेटीशेजारी वाढणारी मुले पाहावीत. त्यांना मृत आजोबांजवळ झोपायला देतात, त्यांच्याशी बोलायला देतात. त्यांचे काही बिघडत नाही.

ऑकलंड आणि वेलिंग्टनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुले शाळेत माउईच्या गोष्टी ऐकतात, घरी येऊन आजी-आजोबांना सांगतात. मराठीतही परदेशी पुराणकथांचे अनुवाद मुलांसाठी नेहमी निघत असतात. ते लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना एकच मागणे आहे. माउईपासून सुरुवात करू नका. आधी कुरावाकाची लाल माती, मग पहाटेची कन्या, तिचा प्रश्न, न बोलणारे खांब आणि तिने घेतलेला निर्णय सांगा. मग निवारेकाच्या माहेरची गोष्ट. माउई त्यानंतर. त्याच्या पराक्रमांत हाड देणारी आजी आणि नखे देणारी माहुइका यांची नावे गाळू नका, आणि जन्माची वाट तोंडातून वळवू नका. मुलांसाठी लिहितानाही ती सभ्य शब्दांत सांगता येते. पुस्तकाच्या मागच्या पानावर ग्रे यांच्या बरोबरीने ते रांगिकाहेकेचेही नाव छापा.